पहिली हाक

एका आईला मी तिच्या लेकापर्यंत पोचू दिलं नाही, आणि वर त्याबद्दल देवाचे आभार मानले. तेही माइक हातात धरून, डोळे मिटून, गळा काढून.

ही माझ्या तरुणपणातली गोष्ट. तरुणपण म्हणजे तीनेक वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी सत्तरीच्या अलीकडे होते, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाची सेक्रेटरी होते, आणि देवाच्या कारभारात माझ्या सल्ल्यावाचून काही तरी अडतंय अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सत्तरी ओलांडली आणि पद गेलं, पुढचे दोन दात गेले, समजूतही गेली. त्यातलं दातांचं तेवढं वाईट वाटतं.

आमची नात घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती. माझ्या फोनवर तिला बोलावणाऱ्या मैत्रिणींना ती बजावते, "बुधवारे सवारे आजीने फोन नई करवानो." बरोबर सांगते. बुधवारी सकाळी मी घरी नसते. का नसते, ते नलूताईंना ओळखल्याशिवाय कळायचं नाही.

नलूताई साळवे बडोद्याजवळच्या छाणीत आमच्या शेजारी राहायच्या. दोन घरांची भिंत एकच. साळवेभाऊ रेल्वेत गार्ड होते, ते लवकर गेले. मागे नलूताई आणि एकुलता अवी. मी नगरहून लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका आणि एक आवाज आला होता. ट्रंका साध्या होत्या, आवाजाचा मात्र फार गर्व. पहिल्याच रविवारी, गुजराती उपासना उरकून आमची मराठी सुरू झाली, तशी मी अशी काही पट्टी धरली की पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. मला वाटलं, कौतुक. बाहेर आल्यावर एक ठेंगणी, रुंद बाई माझ्यापाशी आली. अंगावर बारीक बुट्ट्यांची सुती साडी. तसल्याच साड्या त्यांनी पुढे जन्मभर नेसल्या. लहरीपुऱ्यातल्या एकाच दुकानातून आणायच्या, कारण बुट्ट्यांत डाग लपतात. मला खालून वर बघत म्हणाल्या, "आवाज सरस आहे हं तुझा. पण देव इथंच बसलेला असतो गं. अहमदाबादला नाही."

मी घरी येऊन रडले. आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना तो कळलाच नाही, हे जास्त लागलं.

नलूताई प्रार्थनेत डोळे मिटत नसत. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा हळूच विचारलं तर म्हणाल्या, "शेगडीवर दूध असतं साहेब. देव बघतोच आहे, पण उतरवायला मलाच उठावं लागतं ना." घरात असोत, चर्चमध्ये असोत, बसायच्या नेहमी दाराजवळ. आणि देवाशी बोलायच्या दोन भाषांत. मागायचं असेल तर मराठी, भांडायचं असेल तर गुजराती. भिंतीपलीकडून "हे प्रभू बापा" ऐकू आलं की मी ओळखायचे, काही तरी हवंय. "जो भई, हवे बहु थयुं", म्हणजे बघ बाबा, आता फार झालं, असं ऐकू आलं की ओळखायचे, हवं होतं ते मिळालेलं नाही. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, "ऐका, आज गुजराती लागली." हे म्हणायचे, "देवाचं आज काही खरं नाही."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत प्रार्थना असायची. चटया, गीतांची पुस्तकं, नंतर चहा आणि बडोद्याचा ओलसर लीला चिवडा. पाळकसाहेब तरुण, नव्यानेच दीक्षा झालेले. पहिल्या विश्वासणाऱ्यांवर, येशूमागे सर्वांत आधी गेलेल्या लोकांवर, त्यांचा विशेष जीव. दगडमार, साखळदंड, रिंगणात सोडलेले सिंह असं सगळं ते रंगवून सांगत, आणि आम्ही बायका आळीपाळीने पदर डोळ्यांना लावत असू. नलूताई मात्र शाळेतल्यासारखा हात वर करायच्या.

"साहेब, एक विचारू? त्या विश्वासणाऱ्याला दगडांनी मारलं, बरोबर. चार भल्या माणसांनी नेऊन पुरलं, बरोबर. पुरून घरी आल्यावर त्या दिवशी चूल कुणी पेटवली?"

"तसं काही लिहिलेलं नाही, मावशी."

"लिहिलेलं नाही म्हणजे पेटली नाही असं नाही ना?"

नलूताईंना मेलेल्यांपेक्षा मागे राहिलेल्यांची काळजी. त्या लोकांबद्दल त्या अशा बोलायच्या, जणू ते पुढच्या सोसायटीत राहून गेलेत. "सिंह समोर आला तर माणूस राहील हो उभा. एका दुपारचं काम. पण ज्याला म्हणाले, आज नाही, उद्या ये. उद्या गेला तर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. त्याचा विश्वास कसा टिकला ते सांगा मला." पाळकसाहेबांनीच एकदा सांगितलं होतं की त्या काळी तुरुंगात सरकार जेवायला घालत नसे, घरच्यांनी नेलं तर कैदी जेवायचा. हे कळल्यावर नलूताई ताठ बसल्या. "म्हणजे कुणी तरी रोज जात होतं! उन्हातान्हात, पहारेकऱ्याच्या शिव्या खात. त्या बाईचं नाव काय?" नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. "आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. "मेले त्यांची नावं आहेत. वाढलं तिचं नाही."

पण त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट दाराची. ती त्या नक्कल करून सांगायच्या. घरभर माणसं तुरुंगातल्या एकाच्या सुटकेसाठी प्रार्थनेला बसलीत. देवाने त्याला सोडवलंसुद्धा. तो येऊन दार ठोठावतोय. मोलकरीण धावत आत येते, तो आलाय, तो आलाय! आणि हे लोक काय म्हणतात? तुला वेड लागलंय. "बिचारा बाहेर रस्त्यावर उभा," नलूताई हसून हसून डोळे पुसायच्या, "मागे शिपाई लागले असतील, आणि आत आमेनवर आमेन! अरे, उठा ना कुणी तरी! कडी काढा!"

ह्या गोष्टीला मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे. एवढं लक्षात ठेवा.

अवी नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात शिफ्ट सांभाळायचा. चाळिशीतला, बिनलग्नाचा, अबोल. आईने दिवसभर बोलावं आणि ह्याने मान हलवावी असं त्या घराचं चालायचं. एका सकाळी कारखान्यातली टाकी साफ करायला दोन कामगार आत उतरले. आत वायू साठलेला होता. दोघे वर आले नाहीत. मालक परगावी गेले, मॅनेजरना तातडीने दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, आणि जागेवर उभा होता तो अवी. जो उभा होता तो सापडला. गुन्हा असा लावला की जामीन मिळेना.

ते दोघे कामगार उत्तरेकडून पोटासाठी आलेले. त्यांच्या घरचे आले आणि त्यांना घेऊन गेले. त्या दिवशी नलूताई कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं. शुक्रवारच्या प्रार्थनेत त्या आधी त्या दोघांच्या बायकामुलांसाठी मागायच्या, मग अवीसाठी. मला ते तेव्हा खटकायचं. मी माझ्या पाळीला भरपाई करायचे: "प्रभू, तुझ्या ह्या निर्दोष लेकराला सोडव." सगळे आमेन म्हणत. नलूताईंचं आमेन त्या जागी येत नसे. मला वाटायचं, दमल्यात बिचाऱ्या.

तुरुंगात बाहेरचं शिजवलेलं चालत नाही. आठवड्यातून एकदा, बुधवारी मुलाकात, तीही जाळीतून. पण कोर्टाची तारीख असली की कैद्यांना गाडीतून आणतात, व्हरांड्यात थोडा वेळ बसवतात, आणि शिपाई भला असेल तर "चालो माजी, जल्दी करो" म्हणून तोंड फिरवतो. तेवढ्यात बटाट्याची सुकी भाजी भरलेली चपातीची गुंडाळी अवीच्या हातात जायची. नलूताईंनी एकही तारीख चुकवली नव्हती. तारखेला काही व्हायचं नाही. वकील यायचे, पुढची तारीख घ्यायचे, जायचे. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे गुजराती लागायची.

मग जामीन अर्जाच्या सुनावणीचा दिवस ठरला. आणि मी, सेक्रेटरीबाई, कामाला लागले. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये सबंध दिवसाची उपवास-प्रार्थना जाहीर केली. माइक सांगितला, पंखे सांगितले, कोणत्या तासाला कुणी बसायचं ते सांगितलं. आदल्या दिवशी नलूताई अंगणातल्या ठेंगण्या भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "सरोज, मी नाही गं येत उद्या. मला तारखेला जायचंय."

"ताई, तिथे तुम्ही उभं राहून काय करणार? बोलायचं ते वकील बोलणार."

"भाजी देईन."

"तुम्हीच सांगता ना ती गोष्ट? घरभर माणसं गुडघ्यावर होती म्हणून तुरुंगाचं दार उघडलं. आईच प्रार्थनेत नसेल तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघून मागायचं?"

 गप्प बसायचं तिथे मी जन्मात कधी बसले नाही, तेव्हा तरी का बसेन? म्हणाले, "की देवापेक्षा भाजीवर विश्वास जास्त आहे तुमचा?"

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. वर्षभर जी बाई कोर्टाच्या पायऱ्या चढत होती ती मला त्या क्षणी दिसायला हवी होती. मला दिसली ती कमी विश्वासाची शेजारीण. त्या म्हणाल्या, "बरं. तू म्हणतेस तर."

दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. सवयीने पहाटे उठून भाजी केली होती. दाराजवळ बसल्या, पिशवी मांडीशी. मी माइक घेतला आणि देवाचे आभार मानले, की त्याने ह्या मातेला कोर्टकचेरीच्या उंबऱ्यावरून उठवून आपल्या चरणांपाशी आणून बसवलं. माझा आवाज सुरेख लागला होता. अहमदाबादला ऐकू गेला असेल.

दुपारी वकिलांचा फोन आला. अर्ज फेटाळला. वकील आणखी एक वाक्य बोलले आणि फोन माझ्याच हातात होता म्हणून ते मलाच ऐकावं लागलं: "अवीभाई सगळा व्हरांडा बघत होते. दोनदा विचारलं, आई कुठंय."

संध्याकाळी उपवास सोडताना नलूताईंनी डबा उघडला नाही. तसाच घरी नेला.

पुढच्या बुधवारी अवी मुलाकातीला आला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी नाही. तुरुंगात कैद्याला बळजबरीने आणून जाळीसमोर बसवत नाहीत. तो नको म्हणाला की संपलं. नलूताई नाव देत, आत हाक जाई, आणि शिपाई परत येऊन सांगे, "माजी, ना पाडे छे."

सकाळी दोन हाका असतात. बाहेरच्या खिडकीवर जे आधी नाव देतील त्यांच्या कैद्यांची नावं पहिल्या हाकेत, उरलेल्यांची तासा-दीड तासाने दुसऱ्या. शिपाई आतल्या फाटकाशी उभा राहून एकामागून एक नावं पुकारतो. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू येतात. "साळवे अविनाश, मुलाकात!" मग शांतता. नलूताईंची धडपड पहिल्या हाकेत नाव घालायची. त्यासाठी छाणीहून पहिली बस धरायच्या. पायांवर सूज, दम लागलेला, तरी पुढच्या रिक्षावाल्याला घाई करत, "चाल ने भई, चाल ने!"

मी त्यांच्याबरोबर जायला लागले. पश्चात्ताप म्हणून नव्हे, तेवढी अक्कल नव्हती. पिशवी धरायला कुणी तरी हवं होतं म्हणून. एकदा वैतागून म्हणाले, "ताई, तो येतच नाही. मग पहिली काय आणि दुसरी काय? जरा आरामात निघू की."

"पहिल्या हाकेत नाव आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

नकार आला तरी त्या उठत नसत. मुलाकातीची वेळ संपेपर्यंत बाकावर बसून राहायच्या. शेजारी कुणाची तान्हं घेतलेली सून, कुणाचा आंधळा बाप. नलूताई त्यांच्याशी बोलत नसत. हात मांडीवर, नजर फाटकावर. मी एकदा त्यांना म्हणून बघितलं की, त्या दिवशी मीच तुम्हाला... त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि म्हणाल्या, "पाणी आहे का गं बाटलीत?"

आणि भिंत गप्प झाली. हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. मराठी नाही, गुजराती नाही. मी भांड्यांचा आवाज कमी करून ऐकायचे. एक बाई जन्मभर ज्याच्याशी भांडत आली, त्याच्याशी तिने बोलणं टाकलं होतं. संध्याकाळी दिवा लागायचा, कुकरची शिट्टी व्हायची, आणि काही नाही. मी आमच्या ह्यांना म्हणाले, "गुजराती तरी लागू दे हो." ह्यांनी पेपर खाली ठेवला.

शुक्रवारच्या चटयाही रिकाम्या होत चालल्या. दुःख लांबलं की माणसांना घाई होते. कुणी म्हणालं, घरात काही तरी गुप्त पाप असेल. कुणी म्हणालं, आता देवाची इच्छा मानावी. शेवटी पाळकसाहेब, मी आणि आणखी दोघी एवढेच उरलो. त्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या धीराचा विषय काढला, मग नलूताईंकडे बघून थांबले. त्यांचं त्यांनाच जड गेलं असावं. नलूताईंनी हात वर केला. पुष्कळ दिवसांनी.

"साहेब, आज मी मागणार नाही. तुम्ही मागा. माझ्यात नाही."

"मावशी..."

"ऐका. त्यांच्यातही एखादी असेल की नाही? जिचा विश्वास संपला होता. सगळा. रांजण खरवडावा तसा खरवडून बघितला आणि हाताला काही लागलं नाही. बाकीच्या गात असतील, हिच्या तोंडून शब्द फुटत नसेल. पण भाकरी थापून तुरुंगावर जातच होती. कारण तिकडे कुणी तरी उपाशी होतं." त्यांनी हात खाली घेतला. "तिला तुम्ही विश्वासणाऱ्यांत धराल का नाही?"

पाळकसाहेब पोरसवदा माणूस. देवाच्या कृपेने त्यांनी काही तरी उत्तर बनवून दिलं नाही. त्यांनी चटईवर डोकं टेकवलं आणि रडले. मग नलूताईंनीच उठून चहा टाकला.

"जा सरोज, चिवडा काढ," म्हणाल्या. "साहेब उपाशी दिसतात."

पावसाळा संपता संपता नलूताईंना श्वास पुरेना. एका मंगळवारी त्यांना दवाखान्यात दाखल केलं. नाकाला नळी, पाय उशांवर. मला जवळ बोलावलं. "उद्या बुधवार. तू जा."

"तुम्हाला सोडून?"

"मला नर्स आहे. त्याला कोण आहे? तो आला नाही तरी बस. वेळ संपेपर्यंत. आला तर सांग, मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्याला कळेल."

आणि मी, जिने पहिल्या बसला नाकं मुरडली होती, ती दुसऱ्या दिवशी उशिरा पोचले. बस चुकली, मग रिक्षा मिळेना. खिडकीशी गेले तेव्हा पहिली हाक होऊन गेली होती. दुसरीत नाव घातलं. शिपाई ओळखीचा झालेला. आत जाऊन बहुधा म्हणाला असेल की, आज मा नाही, दुसरंच कोणी आहे. कारण थोड्या वेळाने जाळीपलीकडे अवी उभा होता. केस पांढरे, गाल आत गेलेले. बोटं जाळीत अडकवलेली.

"आई गेली?" त्याने विचारलं. "पहिल्या हाकेत नाव आलं नाही."

"नाही रे, नाही. दवाखान्यात आहे. श्वास लागतो." मग मी माझं सगळं ओकले. त्या तारखेला आई निघाली होती, भाजी झाली होती, डबा भरला होता, मी अडवलं. माइक, उपवास, सगळं. आता तो शिव्या देईल म्हणून मी जाळीला तोंड देऊन उभी राहिले.

त्याने शिव्या दिल्या नाहीत. खाली बघत बोलायला लागला. अवीला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"त्या दिवशी मी तिला सांगणार होतो, काकू. त्या दोघांना टाकीत मी उतरवलं. वरून घाई होती, खरं आहे. पण उतरा म्हणालो ते मी. एकाने विचारलंसुद्धा, साहेब, वास येतोय. मी म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे. वकील म्हणाले, कुणाजवळ बोलायचं नाही. आईजवळ बोलणार होतो. अगदी ओठावर होतं. ती नव्हती. मग ते परत आत गेलं. आणि ते आत ठेवून तिच्यासमोर बसता येईना."

माझ्या माइकने नेमकं काय खाल्लं होतं ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी तो मनाने दाराशी येऊन उभा होता, आणि आम्ही आत आमेन म्हणत होतो.

"तिने निरोप दिलाय," मी म्हणाले. "सांग म्हणाली, मला ठाऊक आहे."

त्याने कपाळ जाळीला लावलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून असणार. मी प्रार्थनेत तुला निर्दोष म्हटलं की त्या आमेन म्हणत नसत."

त्याच्या घशातून आवाज आला. हसला की रडला, मला सांगता येणार नाही. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं.

पुढचं पटकन सांगून टाकते. दोन दिवसांनी नलूताई गेल्या. पोलिसांनी अवीला दफनाला आणलं, त्याने मुठीने माती टाकली, गाडीत बसला. पुढच्या तारखेला त्याने कोर्टात उभं राहून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. वकिलांनी केस सोडली. दुसरे वकील म्हणतात, अजून बराच काळ जाईल. मंडळीतले काही जण म्हणतात, बघा, पाप होतंच. म्हणोत. मी भांडायला नलूताईंकडून थोडी गुजराती शिकले आहे.

पण मला थांबायचंय त्या बुधवारच्या दुपारी. तुरुंगातून मी तडक दवाखान्यात गेले. नलूताई उशांना टेकून बसलेल्या होत्या, तोंड दाराकडे. दिसल्यावर त्यांनी भुवया उचलल्या.

"आला होता, ताई," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी त्यांना जागेपणी डोळे मिटताना पहिल्यांदा बघितलं. गालावरून पाणी ओघळून नळीपाशी गेलं. मी तो काय म्हणाला ते सांगितलं, सगळं, टाकीसकट. त्यांनी नुसती मान हलवली, अवी हलवायचा तशी. मग मला राहवलं नाही. त्यांचा सुजलेला हात धरून म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला अडवलं. मला क्षमा करा. काही तरी बोला मला. गुजरातीत बोला हवं तर."

त्यांनी डोळे उघडले.  श्वास गोळा करायला वेळ लागत होता.

"कितव्या हाकेला गेलीस?"

"दुसऱ्या," मी म्हणाले. "बस चुकली."

"चुकवू नको गं. येत नसला तरी पहिल्या हाकेपासून कान लावून बसतो तो. दुसरीपर्यंत जीव जातो पोराचा. पुढच्या बुधवारी पहिलीला जा."